सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची रेल्वे

पुण्यात कोथरूडला छोट्या रेल्वेचे एक संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी अनेक वर्षांच्या छंदातून ते उभे केले आणि १९९८ साली ते लोकांसाठी खुले झाले. एका दालनात अख्खे शहर मांडले आहे. स्टेशन, सिग्नल, उड्डाणपूल, सर्कससुद्धा, आणि त्यातून गाड्या धावतात. लग्नकार्याला पुण्यास जाणे झाले तर मुलांना हे जरूर दाखवावे. मात्र 'हा श्रीमंतांचा खेळ' असे म्हणून परत फिरू नये. इंजिने परदेशी आणि महाग असतात, हे खरे. पण यातले अवघड काम पैशाचे नाही, हाताचे आणि नजरेचे आहे. आणि तसले हात शिरोली एमआयडीसीच्या पॅटर्न शॉपमध्ये रोज राबतात.

या मॉडेलचे सर्वांत रूढ माप १:८७ आहे. म्हणजे प्रत्येक वस्तू खऱ्याच्या ८७ व्या हिश्श्याची. २१ मीटरचा डबा २४ सेंटीमीटरचा होतो, तर साडेपाच फुटी माणूस दोन सेंटीमीटरही भरत नाही. १८९१ साली सुरू झालेला आपला कोल्हापूर-मिरज मार्ग सुमारे ४७ किलोमीटरचा. तो जसाच्या तसा मांडायचा तर ५४० मीटर जागा हवी! म्हणून काय ठेवायचे नि काय गाळायचे, हे आधी ठरवावे लागते.

आणखी एक गंमत. या मापाच्या तयार रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवरून आले आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, तिला १९ मिलिमीटर हवेत. त्यामुळे तयार रुळावर भारतीय डबा ठेवला की खालचा मार्ग अरुंद वाटतो. ही खोट पॅटर्नमेकरला चटकन दिसेल. बिडाचे ओतकाम थंड होताना मीटरला साधारण एक सेंटीमीटर आकसते, तेवढा पॅटर्न तो मोठाच करतो. मापाशी खेळणे हाच त्याचा धंदा.

चढाचेही तसेच. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर आठ सेंटीमीटर उंची लागते. मीटरला दोन सेंटीमीटर चढ धरला तर चार मीटर लांबी हवी. घाईने उभा चढ केला की इंजिनाची चाके जागच्या जागी फिरतात.

पहिल्या खेपेस इंजिनाच्या मागे लागूच नये. तीन फुटी प्लायवर एकच स्टेशन करावे. रंगवून वाळवलेला लाकडाचा भुसा गवताला चालतो. रुळाखालच्या खडीसाठी वाळू चाळून, धुऊन घ्यावी. वर पाणी घातलेला फेव्हिकॉल थेंबाथेंबाने सोडावा. फौंड्रीतली वाळू मात्र घरी आणू नये. तिची बारीक धूळ फुफ्फुसाला घातक असते, हे आपल्या लोकांना सांगायला नको. आणि नवा कोरा डबा खोटा दिसतो. पातळ तपकिरी रंगाचा हात फिरवला, छतावर थोडी काजळी दिली, की तो खूप फिरून आल्यासारखा वाटतो.

राहिली माणसे. तयार पाकिटांत बहुतेक युरोपातले प्रवासी असतात, कोट घातलेले. हमाल, गँगमन, डोक्यावर गाठोडे घेतलेली बाई आपल्यालाच करावी लागतात. बारीक तांब्याच्या तारेचा सांगाडा, त्यावर एम-सील. एवढ्याशा माणसाला नाकडोळे लागत नाहीत, उभे राहण्याची ढब लागते. खांद्यावर अवजार घेतलेला गँगमन एका बाजूला किंचित कलून, खाली रुळाकडे बघत चालतो. रुकडीच्या फलाटावर मुलाला घेऊन थोडा वेळ थांबले आणि तो गँगमन दिसला, तर मुलाला वहीत त्याचे चित्र काढायला सांगावे.