गरम हवा, थंड हवा आणि बदनाम मालॅट

आपल्या डीएनएचा जेमतेम दोन टक्के भाग प्रोटीनची कृती सांगतो. पण उरलेल्या पसाऱ्याच्याही आरएनए-प्रती पेशी काढतच असते. त्यातल्या दोनशे अक्षरांहून लांब, तरी प्रोटीन न बनवणाऱ्या प्रती म्हणजे ‘लाँग नॉनकोडिंग आरएनए’. स्तनाच्या कॅन्सरमध्ये यातले काही भलतेच उद्योगी निघाले.

पहिला मान हॉटेअरचा. इंग्रजीत या नावाचा अर्थ गरम हवा, म्हणजे पोकळ बाता! जॉन रिन आणि हॉवर्ड चँग यांच्या गटाने २००७ साली तो उजेडात आणला. त्याचं घर बाराव्या गुणसूत्रावर, लुडबुड मात्र दुसऱ्या गुणसूत्रावरच्या जनुकांत. २०१० मध्ये स्तनाच्या गाठी तपासल्या, तेव्हा मूळ गाठीत हॉटेअर जास्त असेल तर कॅन्सर पसरण्याचा धोकाही जास्त दिसला. बाता कसल्या! इकडे वनस्पतिशास्त्रज्ञांनाही चेव आला. थंडीनंतर फुलणाऱ्या अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या भावकीतल्या रोपात त्यांना असेच आरएनए सापडले. नावं ठेवली कूलेअर आणि कोल्डेअर.

गाठीतले हे आरएनए मोजणं मात्र नाजूक. आपल्या बोटांवरची एन्झाइम्स आरएनएचा बघता बघता फडशा पाडतात. म्हणून हातमोजे घालायचे आणि गाठीचा तुकडा लगोलग द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर बुडवायचा. उशीर झाला की मोजायला चुराच हाती लागतो.

याच जातकुळीतला एक्झिस्ट हा आरएनए स्त्रियांच्या पेशींतला. दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकाला तो अंगभर लपेटून गप्प करतो. स्तनाच्या काही आक्रमक गाठींत ते गप्प केलेलं गुणसूत्रच हरवलेलं असतं, आणि मग एक्झिस्टही गायब.

खरी गंमत मालॅट-१ ची. २००३ मध्ये तो फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये सापडला आणि ‘मेटास्टॅसिस’, म्हणजे कॅन्सरचा प्रसार, हा शब्द त्याच्या नावातच जाऊन बसला. २०१२ मध्ये तीन गटांनी उंदरांतून तो काढूनच टाकला. उंदीर ठणठणीत! २०१६ मध्ये स्तनाचा कॅन्सर असलेल्या उंदरांत तो दाबला, तर फुप्फुसातला प्रसार घटला. म्हणजे आरोप खरा? थांबा. २०१८ मध्ये दुसऱ्या एका गटाने तो बंद पाडला, तर प्रसार उलट वाढला. परत दिला, तर कमी झाला. मला विचाराल तर बारसंच घाईत उरकलं. पहिल्याच गुन्ह्यावरून ठेवलेलं ते नाव मालॅट अजून मिरवतोय.