पापनिवेदन

पापनिवेदन : स्वतःच्या पापांची धर्मगुरूसमोर कबुली देण्याचा ख्रिस्ती विधी. कोकणीत यास ‘कुमसार’ म्हणतात. रोमन कॅथलिक पंथात तो प्रायश्चित्त संस्काराचा भाग होय. प्रॉटेस्टंट पंथीय बहुधा थेट परमेश्वराजवळ पापे कबूल करतात.

आरंभीच्या ख्रिस्ती समाजात हत्या, व्यभिचार, धर्मत्याग यांसारख्या घोर पापांबद्दल जाहीर प्रायश्चित्त घ्यावे लागे. सहाव्या शतकापासून आयरिश मठवासीयांनी खाजगी पापनिवेदनाची पद्धत रूढ केली. चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने (१२१५) वर्षातून किमान एकदा पापनिवेदन आवश्यक ठरविले. तसेच त्यातील गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूस पदच्युत करून आजन्म प्रायश्चित्तासाठी मठात ठेवावे, असा नियम केला.

केवळ शब्दोच्चाराने क्षमा मिळत नाही. मनःपूर्वक पश्चात्ताप, पुन्हा पाप न करण्याचा निर्धार व झालेल्या हानीची शक्य तेवढी भरपाई या गोष्टी आवश्यक मानल्या जातात. लूककृत शुभवर्तमानातील जक्कय हा जकातदार अन्यायाने घेतलेले धन चौपट परत करण्याचे वचन देतो.

पापनिवेदनाची गुप्तता पापी व्यक्तीस निर्भयपणे बोलता यावे यासाठी असते. चर्चची प्रतिष्ठा राखण्यासाठी अपराध दडपणे ही त्याहून सर्वस्वी वेगळी गोष्ट होय. काही धर्मगुरूंनी केलेले बालकांचे लैंगिक शोषण वरिष्ठांनी दडविल्याचे अनेक देशांत उघडकीस आल्यानंतर हा भेद विशेष महत्त्वाचा ठरला. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये अशा प्रकरणांच्या कार्यवाहीस लागू असलेली पोपप्रणीत गुप्तता रद्द केली. पापनिवेदनाची गुप्तता मात्र अबाधित ठेवण्यात आली.