हवा वाळवणारं यंत्र

1902 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्यात रंग जुळेनात. रंगीत छपाईत एकच कागद प्रत्येक रंगासाठी पुन्हा यंत्रावर चढायचा. मधल्या वेळात तो उन्हाळ्यातली दमट हवा पिऊन किंचित फुगायचा आणि पिवळ्यावर नेमका बसायला हवा असा लाल बाजूला सरकायचा. छापखान्याला हवेतली ओल आटोक्यात हवी होती, गारव्याशी देणंघेणं नव्हतं. काम आलं बफेलो फोर्ज कंपनीतल्या विलिस कॅरिअर या 25 वर्षांच्या इंजिनिअरकडे. त्याच्या आराखड्यांवर 17 जुलै 1902 ही तारीख आहे. आर्द्रता 55 टक्क्यांवर ठेवायची, एवढंच उद्दिष्ट. आजच्या एसीची वंशावळ तिथपासून धरतात.

युक्ती साधी होती. गरम हवेत वाफ जास्त मावते, गार हवेत कमी. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तो यामुळेच. कॅरिअरने पंख्याने हवा गार नळ्यांवरून नेली आणि तिच्यातलं पाणी तिथेच गळायला लावलं. 25 अंशांची, 55 टक्के आर्द्रतेची हवा हवी असेल, तर ती आधी सुमारे 15 अंशांपर्यंत उतरवायची. हा तिचा दवबिंदू. जादा पाणी निथळलं की पुन्हा 25 पर्यंत तापवायची. आधी गार करा, मग तापवा! वीजबिल भरणाऱ्याला हा शुद्ध वेडेपणा वाटेल. पण ऑपरेशन थिएटर आणि औषधांच्या कारखान्यांतल्या मोठ्या यंत्रणा नेमकं हेच करतात. 1911 मध्ये कॅरिअरने या सगळ्याचं गणित अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडलं. या विद्येतले तक्ते अजून त्याच पायावर उभे आहेत.

घरातल्या एसीत हा तापवण्याचा टप्पा नसतो. तो फक्त तापमान ओळखतो. आपल्याकडे 2020 पासून स्टार लेबलचे एसी मुळात 24 अंशांवर लावून येतात. आर्द्रतेचा आकडा मात्र बहुतेक रिमोटवर सापडतच नाही. मुंबईच्या जुलैत ही उणीव जाणवते. 24 अंश झाले की साध्या एसीचा कॉम्प्रेसर थांबतो, पंखा फिरत राहतो आणि कॉइलवरचं पाणी वाफ होऊन खोलीत परततं. खोली गार, पण चादर ओलसर. गरजेपेक्षा जास्त टनाचा एसी तर आणखी वाईट. तो झटपट गार करून थांबतो, हवा वाळवायला त्याला सवडच मिळत नाही.

नागपूरच्या मे महिन्यात गणित उलटं. तिथे हवा इतकी कोरडी, की वाळ्याचा कूलर तिच्यात ओल घालूनच गारवा देतो. तोच कूलर जुलैत दादरला लावला, तर नुसती कुबट वाफ.

म्हणून कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी एसी घेताना टन वाढवण्याआधी खोलीचं माप नीट घ्यावं. पावसाळ्यात ड्राय मोड लावून पाहावा. त्यात पंखा मंद चालतो आणि हवा गार कॉइलवर जास्त वेळ रेंगाळते. भिंतीवर आर्द्रतामापक टांगला तर उत्तम. तो 60 च्या खाली असेल, तर 26 अंशांवरही झोप चांगली लागते.