मेलची चाळण कोण शिकवतं?



आता बहुतेक गटांना स्वतःचा ई-मेल पत्ता आहे. बँकेने मागितला, प्रदर्शनाच्या फॉर्मवर रकाना होता, म्हणून कुणाच्या तरी मुलाने बसल्या बसल्या काढून दिला. पत्ता गटाचा, पण मेल येतात सचिवताईंच्या मोबाईलवर. त्यांनी आठ दिवसांनी उघडून पाहिलं तर लॉटरी लागल्याचं अभिनंदन, बिनव्याजी कर्ज, कुठल्याशा परदेशी बाईची मरणोत्तर संपत्ती, आणि त्या ढिगात कुठेतरी बँकेचं खरं पत्र, ‘नूतनीकरणासाठी ठरावाची प्रत आणून द्यावी’.

ढीग आपल्यापर्यंत येतो त्याच्या आधी एकदा चाळला गेलेला असतो. आपल्याला दिसतं ते चाळणीतून खाली आलेलं. वर राहिलेलं ‘स्पॅम’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात पडतं. मग कोणतं पत्र वर ठेवायचं आणि कोणतं खाली सोडायचं, हे त्या चाळणीला कोण सांगतं? तर आपणच सांगतो. आपल्या नकळत सांगत असतो, म्हणून आज त्यावर बोलायचं ठरवलं.

आधी शब्दाचं सांगते, कारण बैठकीत कुणीतरी विचारतंच. स्पॅम हे अमेरिकेतल्या एका डबाबंद मांसाचं नाव. १९७० साली ब्रिटिश टीव्हीवर मॉन्टी पायथन नावाच्या विनोदी मंडळींनी एक प्रवेश केला. खानावळीत काहीही मागा, त्यात स्पॅम आहेच. नको म्हटलं तरी आहेच. न मागता पुढ्यात येत राहणाऱ्या पत्रांना पुढे तेच नाव पडलं. असं पहिलं पत्र मात्र त्या नावाच्याही आधीचं आहे. मे १९७८ मध्ये अमेरिकेतल्या एका संगणक कंपनीच्या विक्री करणाऱ्या माणसाने, गॅरी थर्कने, सुमारे चारशे जणांना एकाच वेळी जाहिरात पाठवली. तेव्हाही लोक चिडलेच होते.

सुरुवातीच्या चाळणी अगदी साध्या होत्या. ‘फुकट’ शब्द दिसला की पत्र बाजूला. मग पाठवणारे ‘फु-क-ट’ लिहायला लागले आणि चाळण फसली. उलट ‘प्रशिक्षण फुकट आहे’ असं खरं पत्र मात्र अडकून बसलं. शब्दांची यादी करून हे काम होत नाही, कारण यादी आपण एकदा करतो आणि पलीकडचा रोज बदलतो.

दुसरा मार्ग मोजण्याचा आहे. त्यावर १९९८ पासून संशोधकांनी लिहिलं होतं, पण तो गाजला ऑगस्ट २००२ मध्ये, पॉल ग्रॅहम नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरच्या लेखामुळे. त्यामागचं गणित अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचं. त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली ते छापलं गेलं. नाव मोठं असलं तरी हिशेब आपल्या गटाच्या वहीतला आहे. बघा.

समजा, तुम्ही स्वतः शंभर नको असलेली पत्रं एका पिशवीत टाकली आणि शंभर हवी असलेली दुसऱ्या पिशवीत. आता संगणक एकेक शब्द मोजतो. ‘लॉटरी’ हा शब्द पहिल्या पिशवीतल्या चाळीस पत्रांत सापडला, दुसऱ्या पिशवीत एकाच पत्रात. म्हणजे ज्या एकेचाळीस पत्रांत लॉटरी आहे, त्यातली चाळीस नको असलेली. उद्या लॉटरी शब्दाचं नवं पत्र आलं तर संशय बळकट. पण त्याच पत्रात ‘लोणचं’, ‘हप्ता’, ‘ग्रामसंघ’ हे शब्दही आहेत, आणि ते सगळे दुसऱ्या पिशवीतले आहेत. मग संशय उतरतो. एका शब्दावरून निकाल लागत नाही. सगळ्या शब्दांची साक्ष काढायची आणि वजन करायचं. कदाचित तुमच्या भाचीने लिहिलेलं असेल, ‘आत्या, लॉटरी लागल्यासारखं झालं, लोणच्याच्या शंभर बरण्यांची मागणी आली’.

या मोजणीची गंमत म्हणजे माणसाला सुचणार नाहीत अशा खुणा ती शोधते. ग्रॅहमला आढळलं की पत्रातला भडक लाल रंग ही अश्लील शब्दांइतकीच पक्की खूण आहे. (लाल अक्षरात ओरडणारा विक्रेता तुम्हीही जत्रेत पाहिला असेल.) त्याने आणखी एक शहाणपण केलं. हव्या असलेल्या पत्रांतल्या शब्दांची मोजणी दुप्पट धरली. धान्य पाखडताना चार फोलकटं सुपात राहिली तर निवडता येतात, पण फोलकटांबरोबर दाणे उडाले तर गेलेच, कोंबड्यांचे झाले. तसंच इथे. एक जाहिरात जास्त दिसली तर फार बिघडत नाही. बँकेचं पत्र दिसलंच नाही तर गटाचं कर्ज लांबतं.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या दोन पिशव्या भरल्या कुणी? संगणकाला हवं-नको कळत नाही. ते माणूसच सांगतो. तुम्ही ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबता तेव्हा पत्र पहिल्या पिशवीत पडतं. स्पॅमच्या कप्प्यातून पत्र उचलून ‘नॉट स्पॅम’ दाबता तेव्हा ते दुसऱ्या पिशवीत जातं. आपल्याला वाटतं आपण घर झाडतोय; प्रत्यक्षात आपण साक्ष देत असतो.

ही साक्ष आपल्यापुरती राहत नाही. विपुल वेद प्रकाश या भारतीय तरुणाने १९९८ मध्ये ‘रेझर’ नावाची चाळण तयार केली. तिची युक्ती अशी, की एकाने एखादं पत्र स्पॅम म्हणून नोंदवलं की त्या पत्राचा ठसा एका सामाईक वहीत जायचा. आपल्या अंगठ्याचा ठसा असतो तसा. तेच पत्र दुसऱ्याकडे पोचलं की चाळण ठसा ताडून पाहायची, आणि दुसऱ्याला त्रास होण्याआधीच पत्र बाजूला. वाडीत एकीने बनावट सोनं विकणारा ओळखला आणि पुढच्या वाडीला फोन केला, तसाच प्रकार. पाठवणारेही बसून राहिले नाहीत. प्रत्येक पत्रात एखादा शब्द बदलून ठसा चुकवायला लागले. मग ठसे असे घ्यावे लागले, की थोडं बदललं तरी जुळतील.

पण सगळ्यांची साक्ष सारखी धरायची का? कुणी रागाने दाबतं, कुणी चुकून दाबतं. आणि स्पॅम पाठवणारे स्वतःच खोटी खाती काढून आपल्याच पत्रांवर ‘नॉट स्पॅम’ दाबत बसतात, हे तर ठरलेलंच. म्हणून रेझरमध्ये पुढे साक्ष देणाऱ्याची पत मोजायची पद्धत आली. तुमच्या नोंदी इतरांच्या नोंदींशी वेळोवेळी जुळल्या की तुमच्या शब्दाला वजन. सतत विसंगत निघाल्या की वजन कमी. गटात नव्या बाईला पहिल्याच महिन्यात मोठं कर्ज देत नाही, हप्ते वेळेवर आले की विश्वास वाढतो. मला तरी यात संगणकाचं असं काही वेगळं दिसत नाही.

आज जीमेलसारख्या मोठ्या सेवांच्या चाळणी याहून कितीतरी गुंतागुंतीच्या आहेत. पाठवणारा खरा आहे का, त्याच्या आधीच्या पत्रांचं काय झालं, हेही त्या पाहतात. तरी बटणाचा मान गेलेला नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्यांना घातलेल्या अटींत एक अशी आहे, की तक्रारीचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा. म्हणजे हजार जणांना पत्र गेलं आणि तिघांनी स्पॅम दाबलं, तर पाठवणाऱ्याची पत धोक्यात.

हे आपल्या दोन्ही बाजूंना लागू होतं. पाठवणाऱ्या आपणही असतो. दिवाळीच्या फराळाचं दरपत्रक प्रदर्शनात मिळालेल्या तीनशे पत्त्यांवर पाठवलं, त्यातल्या एकीने ‘हे कोण?’ म्हणून स्पॅम दाबलं, की प्रमाण ०.३३ झालं. लहान पाठवणाऱ्यांचा हिशेब इतका उघड दिसत नाही, पण दिशा तीच. म्हणून वहीत पत्ता लिहून घेतानाच विचारायचं, ‘ताई, दरपत्रक मेलवर पाठवलं तर चालेल ना?’ आणि सांगायचं, की आमचा पत्ता मोबाईलमध्ये जतन करून ठेवा. ओळखीच्या पत्त्यावरून आलेलं पत्र अडकण्याची शक्यता कमी असते.

घेणाऱ्या म्हणून सांगायचं तर, कंटाळा आला म्हणून बटण दाबू नका. बियाण्याच्या दुकानाने तुमच्याच संमतीने पाठवलेली पत्रं आता नकोशी झाली, तर ती स्पॅम नाहीत. तिथे ‘अनसबस्क्राईब’ दाबा, म्हणजे ‘माझं नाव यादीतून काढा’. अनोळखी लॉटरीवाल्याच्या पत्रातलं अनसबस्क्राईब मात्र कधीच दाबू नका. त्याला एवढंच कळतं, की या पत्त्यावर माणूस जागा आहे. तिथे रिपोर्ट स्पॅमच. बँकेचं पत्र लांबलचक आहे, इंग्रजीत आहे, म्हणून कुणी स्पॅम दाबलं असेल, तर पुढची पत्रं त्याच कप्प्यात जाऊ शकतात. ते दाबणारं बोट बहुतेक वेळा मोबाईलवर खेळणाऱ्या नातवाचं असतं.

बटण दाबल्याने गेलेले पैसे परत येत नाहीत, हेही सांगून ठेवते. कुणी फसून पैसे पाठवले असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करायचा. जितका लवकर, तितकं बरं. मोबाईलवर येणाऱ्या नकोशा जाहिरातींच्या एसएमएसची तक्रार १९०९ वर होते. तो कारभार वेगळा.

आता मोबाईल हातात असेल तर करून बघा. जीमेल उघडा. वर डावीकडे तीन आडव्या रेघा आहेत, त्या दाबा. खाली सरकत गेलात की ‘स्पॅम’ दिसेल. त्यातली पत्रं नुसती नावं वाचत खाली जा, आतले दुवे दाबू नका. ओळखीचं नाव दिसलं, बँकेचं, पंचायत समितीचं, एखाद्या ग्राहकाचं, आणि पाठवणाऱ्याचा पत्ताही नेहमीचाच असेल, तर ते उघडून ‘नॉट स्पॅम’ दाबा. नको असलेलं पत्र बाहेर दिसत असेल तर ते उघडून वर कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा, त्यात ‘रिपोर्ट स्पॅम’ आहे. स्पॅममधलं पत्र ३० दिवसांनी आपोआप पुसलं जातं. गटाची बैठक महिन्यातून एकदाच होत असेल, तर दोन बैठकांच्या मध्येही एकदा हा कप्पा बघायचा, आणि बघण्याचं काम कुणाकडे आहे ते बैठकीच्या वहीत नावासकट लिहून ठेवायचं.