चित्रातले लिंकन आणि नकाशातले गुलाम

अजिंठ्याच्या परिसरातील एका शाळेच्या भिंतीवर पेंटरने काढलेले अब्राहम लिंकनचे चित्र आहे. बसकी गालफडे, मिशीविना दाढी, काळा कोट. खाली 'हेडमास्तरांस पत्र' म्हणून प्रसिद्ध असलेल्या मजकुराच्या ओळी रंगविल्या आहेत. वसंत बापटांच्या मराठी रूपामुळे हा मजकूर महाराष्ट्रभर शाळाशाळांतून पोहोचला. लिंकनच्या लेखनात असे पत्र अभ्यासकांना सापडलेले नाही. तरीही आपल्या मुलांना लिंकन ठाऊक असतो तो एवढाच: मुलाची काळजी वाहणारा सज्जन बाप आणि गुलामांना मुक्त करणारा दयाळू राष्ट्राध्यक्ष. पैकी पहिली ओळख दंतकथेतून आली आहे. दुसरी कुठून आली, हे पाहण्यासाठी आणखी एका चित्रापाशी जावे लागते.

हे चित्र वॉशिंग्टनला अमेरिकेच्या संसदभवनात आहे. फ्रान्सिस कार्पेंटर या चित्रकाराने १८६४ साली राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानातच सुमारे सहा महिने मुक्काम ठोकून ते रंगविले. साधारण नऊ फूट उंच, पंधरा फूट रुंद. प्रसंग २२ जुलै १८६२ चा: लिंकन आपल्या मंत्रिमंडळाला गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा वाचून दाखवीत आहेत. चित्रात आठ माणसे आहेत, लिंकन आणि सात मंत्री. आठही गोरे. ज्यांच्या मुक्तीचा मसुदा वाचला जात आहे त्यांच्यापैकी एकही माणूस त्या दालनात नाही. तेव्हा अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते. चित्रात त्यांचा माग काढायचा तर उजव्या बाजूला खाली पाहावे लागते. तेथे एक नकाशा आहे. दक्षिणेकडील कोणत्या भागात गुलामांचे प्रमाण किती, हे कमीअधिक गडद छटांनी दाखविणारा तो खराखुरा नकाशा होता. १८६१ साली छापलेला. चाळीस लाख माणसे चित्रात आली ती एवढ्या छटेपुरती.

कोणी म्हणेल, मंत्रिमंडळाच्या बैठकीत गुलाम कसा असेल? चित्रकाराने जे घडले तेच काढले. खरे आहे. पण मुक्तीच्या इतिहासातून नेमका हाच क्षण निवडावा, हे चित्रकाराने ठरविले आणि त्याला दाद देणाऱ्यांनी मान्य केले. दुसरे क्षण नव्हते असे नाही. मे १८६१ मध्ये, म्हणजे या बैठकीच्या वर्षभर आधी, व्हर्जिनियातील तीन गुलाम रात्री होडीने निघाले आणि उत्तरेच्या ताब्यातील मन्रो किल्ल्यावर पोहोचले. मालकाने त्यांना परत मागितले. तेथील सेनापती बटलरने नकार दिला. पण माणसे म्हणून नव्हे, शत्रूची जप्त करण्याजोगी मालमत्ता म्हणून त्यांना ठेवून घेतले. त्यांच्या मागून शेकडो, मग हजारो आले. लिंकनच्या मसुद्याला वाट करून दिली ती या पळून आलेल्यांनी. पुढे सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत लढले. हे सारे कार्पेंटरच्या दालनाबाहेर राहिले.

आणि दालनातले लिंकन तरी कसे होते? जुलैमध्ये मसुदा वाचला. मंत्री सेवर्ड म्हणाले, एखादा विजय मिळेपर्यंत थांबा. मसुदा खणात गेला. १४ ऑगस्टला लिंकननी काळ्या समाजाच्या प्रतिनिधींना भेटीस बोलावले आणि तुम्ही हा देश सोडून दुसरीकडे वसाहत करावी असे सुचविले. २२ ऑगस्टला संपादक होरेस ग्रीली यांना पत्र लिहिले. त्याचा आशय असा की माझा मुख्य हेतू राष्ट्राची एकसंधता वाचविणे हा आहे. ती एकाही गुलामाला मुक्त न करता वाचली तर तसे करीन, सर्वांना मुक्त करून वाचली तर तसे. महिन्याने जाहीरनाम्याची पूर्वसूचना निघाली आणि १ जानेवारी १८६३ ला तो अमलात आला. त्यातही उत्तरेच्या बाजूने राहिलेली गुलामी राज्ये वगळली होती. सर्वत्र गुलामी कायद्याने संपली ती तेराव्या घटनादुरुस्तीने, डिसेंबर १८६५ मध्ये, लिंकनच्या हत्येनंतर. तिलाही एक चोरवाट ठेवली गेली: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम चालतील.

लिंकनला लहान करावे म्हणून हे लिहिलेले नाही. ते बदलत गेले, आणि शेवटच्या वर्षात ती दुरुस्ती संमत व्हावी म्हणून त्यांनी जिवाचे रान केले. प्रश्न आहे तो चित्राचा. मुक्ती ही दिलेली वस्तू आहे असे चित्र सांगते. देणारा मधोमध बसतो आणि घेणारा चित्रातच नसतो.

येथे अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातक आठवते. दानशूर राजपुत्र विश्वंतर आपली दोन मुले जूजक नावाच्या ब्राह्मणाला दान देतो. जूजकाच्या बायकोला घरी राबायला दास हवे असतात, म्हणून. पुढे मुलांचा आजा त्यांना सोडवितो. म्हणजे जूजकाला मोल मोजून देतो. कथा दात्याचा गौरव करते, हे उघड आहे. पण पाचव्या शतकातील त्या चित्रकारांनी दिली गेलेली मुलेही रंगविली, आणि मोल घेणारा जूजकही रंगविला. वॉशिंग्टन शहरात एप्रिल १८६२ मध्ये गुलामी संपली, तेव्हाही असेच मोल दिले गेले: दर गुलामामागे सरासरी ३०० डॉलरपर्यंत, आणि तेही मालकाला. ज्याने जन्मभर राबून दिले त्याच्या हाती मजुरीची बाकी पडली नाही. हा जूजक कार्पेंटरच्या चित्रात कुठे आहे?

चित्राचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. एलिझाबेथ थॉम्पसन या बाईंनी ते २५ हजार डॉलरला विकत घेऊन राष्ट्राला भेट दिले आणि १२ फेब्रुवारी १८७८ ला संसदेत त्याचा स्वीकार समारंभ झाला. त्या समारंभात भाषण करणाऱ्यांपैकी एक होते अलेक्झांडर स्टीव्हन्स. हे गृहस्थ गुलामी टिकविण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या सरकारचे उपराष्ट्राध्यक्ष होते! आदल्याच वर्षी, १८७७ मध्ये, दक्षिणेतून फौजेचे संरक्षण काढून घेतले गेले होते आणि काळ्यांचे मताधिकार एकेका राज्यात हिरावले जाऊ लागले होते. म्हणजे मुक्तीचे चित्र भिंतीवर चढले तेव्हा मुक्ती खाली उतरविली जात होती. ज्या चित्रात गुलामच नाही, ते जुन्या मालकपक्षाला का सलावे?

फ्रेडरिक डग्लस हे स्वतः गुलामीतून पळून आलेले. १४ एप्रिल १८७६ ला वॉशिंग्टनमध्ये लिंकनच्या पुतळ्याच्या अनावरणात ते बोलले. या पुतळ्याचा पैसा मुक्त झालेल्या गुलामांचा. पहिले पाच डॉलर शार्लट स्कॉट या बाईने आपल्या कमाईतून दिले होते. पुतळ्याचे रूप मात्र ठरविले दुसऱ्यांनी. त्यात काळा माणूस आहे, पण लिंकनच्या पायाशी गुडघ्यावर. डग्लस यांनी तेथेच, राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या समक्ष, लिंकन हे मुख्यत्वे गोऱ्यांचे राष्ट्राध्यक्ष होते असे बजावले, आणि तरीही आम्ही त्यांचे ऋण मानतो असेही सांगितले. बोस्टनमधील याच पुतळ्याची प्रतिकृती २०२० साली हटविण्यात आली.

या सगळ्या काळात आपल्याकडे जोतीराव फुले काय करीत होते? १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली. तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतील सदाचारी लोकांना उद्देशून आहे; गुलामी मोडण्यासाठी त्यांनी केलेल्या त्यागाचा गौरव तीत आहे. लिंकनचे नाव तीत नाही. राष्ट्राध्यक्षाची थोरवी गाणे सोपे होते आणि त्या काळाच्या रीतीला धरून झाले असते. जोतीरावांनी लोक निवडले. अर्थात त्यांच्याही नजरेसमोर मुख्यतः गुलामांसाठी झटणारे लोक होते, होडीने पळालेले तिघे नव्हते, हेही मान्य केले पाहिजे. पण त्याच वर्षी २४ सप्टेंबरला त्यांनी सत्यशोधक समाज स्थापला तो शूद्रातिशूद्रांनी आपली सुटका आपण करावी म्हणून.

बाबासाहेबांनी लिंकनचे चित्र नव्हे, पत्र वाचले. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा पंचनामा करणाऱ्या १९४५ च्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी ग्रीलींना लिहिलेले ते पत्र पुढे ठेवले. लिंकनना एकसंधता आधी, गुलाम नंतर. तसे गांधींना स्वराज्य आधी, अस्पृश्य नंतर, असे साम्य त्यांनी दाखविले. आणि लगेच फरकही सांगितला: एकसंधतेसाठी गरज पडली तेव्हा लिंकन गुलाम मुक्त करायला तयार झाले; गांधींची तेवढीही तयारी नव्हती.

पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी अमेरिकेला एक पत्र धाडले. काळ्या अमेरिकनांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. अस्पृश्यांच्या वतीनेही तसे करावे, असा विचार त्यांच्या मनात होता. त्या अर्जाच्या प्रती हव्यात, म्हणून त्यांनी लिहिले ते डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना. गुलामांनी मळे सोडून केलेला संप हाच युद्धाचा निकाल फिरविणारा ठरला, असे १९३५ सालच्या आपल्या ग्रंथात मांडणारे ते हेच. ३१ जुलैला त्यांचे उत्तर आले.