ॲरिझोना ट्रेल सायकल शर्यत

ॲरिझोना ट्रेल सायकल शर्यत ही अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात होणारी लांब पल्ल्याची, स्वावलंबी पद्धतीची माउंटन बाइक शर्यत आहे. ती ॲरिझोना ट्रेल या राष्ट्रीय निसर्गमार्गावर घेतली जाते. शर्यतीचे दोन प्रकार आहेत. सुमारे ३०० मैलांचा (४८० किलोमीटर) लहान पल्ला मेक्सिकोच्या सीमेजवळ सुरू होऊन सुपीरियर या गावाजवळच्या पिकेटपोस्ट डोंगराच्या पायथ्याशी संपतो. सुमारे ८०० मैलांचा (१,२९० किलोमीटर) मोठा पल्ला तेथून पुढे ग्रँड कॅन्यन ओलांडून युटा राज्याच्या सीमेपर्यंत जातो. पारंपरिक प्रारंभ एप्रिल महिन्यात, दक्षिणेकडून उत्तरेकडे होतो. ऑक्टोबरमध्येही शर्यत घेतली गेली आहे. शर्यतीला प्रवेशशुल्क नाही, बक्षीस नाही आणि मार्गावर पाणी, अन्न किंवा वैद्यकीय मदतीची केंद्रेही नाहीत. त्यामुळे या शर्यतीत पूर्वतयारीला सायकल चालवण्याच्या कौशल्याइतकेच महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

ॲरिझोना राज्य दक्षिणोत्तर पायी ओलांडता येईल अशा मार्गाची कल्पना फ्लॅगस्टाफ येथील शिक्षक डेल शूवॉल्टर यांनी मांडली. १९८५ मध्ये त्यांनी मेक्सिको सीमेवरील नोगालेस येथून युटाच्या सीमेपर्यंत चालत जाऊन असा मार्ग शक्य असल्याचे दाखवले. १९९४ मध्ये ॲरिझोना ट्रेल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली, २००९ मध्ये या मार्गाला राष्ट्रीय निसर्गमार्गाचा दर्जा मिळाला आणि २०११ च्या अखेरीस त्याचे सर्व तुकडे जोडले गेले. मार्गाचे ४३ टप्पे मानले जातात.

सायकल शर्यत या संस्थेने सुरू केलेली नाही. टूसॉनचे सायकलपटू आणि संगणक आज्ञावलीकार स्कॉट मॉरिस यांनी २००० नंतरच्या दशकात ती आकाराला आणली. शर्यतीतील सायकलस्वारांची जागा नकाशावर दाखवणारे ‘ट्रॅकलीडर्स’ हे संकेतस्थळ उभारण्यातही त्यांचा वाटा आहे.

पायी मार्ग आणि सायकलींचा मार्ग सर्वत्र एक नाही. १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्यानुसार संरक्षित वन्यप्रदेशांत यांत्रिक वाहतुकीस बंदी आहे आणि सायकलही त्यात मोडते. त्यामुळे मिलर पीक, रिंकॉन, पुश रिज, सुपरस्टिशन, मझात्झाल इत्यादी डोंगराळ भागांना वळसा घालून सायकलस्वारांना डांबरी किंवा कच्च्या रस्त्यांनी जावे लागते. पायी प्रवाशांसाठी तयार केलेली पाणवठ्यांची यादी या वळशांवर उपयोगी पडत नाही. यासाठी नियोजनाच्या वेळीच दोन मार्गांचे नकाशे शेजारी ठेवून पाहावे लागतात.

स्वावलंबनाचा नियम

या शर्यतीत स्वावलंबन म्हणजे एकट्याने प्रवास करणे नव्हे, तर कोणाकडूनही खास व्यवस्था करून न घेणे. सर्वांना खुली असलेली दुकाने, खाणावळी, वसतिगृहे आणि टपाल कार्यालये वापरता येतात. मात्र नातेवाइकाने वाटेत डबा आणून देणे, मित्राने आधी जाऊन पाणी लपवून ठेवणे किंवा दुसऱ्या स्पर्धकाचा तंबू वापरणे नियमबाह्य ठरते. मार्ग सोडल्यास जेथून सोडला तेथेच परत येऊन पुढे जावे लागते.

हा नियम कागदावर साधा दिसतो, परंतु तयारीचे स्वरूप त्यामुळे पूर्ण बदलते. पंप, सुटी साखळी-कडी, औषध किंवा दिव्याची विजेरी यांपैकी जे घरी राहिले ते पुढच्या गावापर्यंत मिळणार नाही आणि पुढचे गाव दीड दिवसाच्या अंतरावरही असू शकते. वाटेतली बरीच दुकाने लहान गावांतली असल्याने ती संध्याकाळी बंद होतात. दुकानात रात्री आठला पोहोचण्याऐवजी नऊला पोहोचलेल्या सायकलस्वाराची सबंध रात्र उपाशी जाऊ शकते. म्हणून अनुभवी स्पर्धक अंतराबरोबरच दुकानांच्या वेळांचाही तक्ता करतात.

पाणी

तयारीतील सर्वांत मोठा प्रश्न पाण्याचा असतो. सोनोरन वाळवंटातील ओढे वर्षातील बहुतेक काळ कोरडे असतात. नकाशावर निळ्या रेषेने दाखवलेली नदी प्रत्यक्षात वाळूचा पट्टा निघते. उपलब्ध पाण्यात झरे, गुरांसाठी बांधलेली तळी, पवनचक्कीच्या टाक्या आणि हिला नदी यांचा समावेश होतो. गुरांच्या तळ्यांतील पाणी हिरवे, शेवाळलेले आणि शेण मिसळलेले असते. ते गाळून आणि निर्जंतुक करून पितात. हिला नदीचे पाणी गढूळ असल्याने गाळणी लवकर तुंबते. म्हणून ते आधी भांड्यात निवळू देतात आणि वरचे पाणी कापडातून ओतून घेतात. गाळणी बंद पडल्यास उपयोगी पडाव्यात म्हणून क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या सोबत ठेवण्याची पद्धत आहे.

पाण्याचा हिशेब किलोमीटरमध्ये न करता तासांमध्ये करावा लागतो. खडकाळ पायवाटेवर भरलेल्या सायकलीचा वेग ताशी ६ ते ८ किलोमीटरवर येतो. दोन पाणवठ्यांमध्ये ५० किलोमीटर अंतर असेल, तर त्याला ७-८ तास लागतात. दर तासाला पाऊण लिटर धरले तरी जवळपास ६ लिटर पाणी, म्हणजे ६ किलो वजन, सोबत असावे लागते. हे वजन चढावर वेग आणखी कमी करते आणि लागणारे तास वाढवते. पाणी कमी घेतले तर तहान आणि जास्त घेतले तर उशीर, या दोहोंच्या मधली जागा प्रत्येकाला सरावातून शोधावी लागते. ४ लिटर नेहमीच्या बाटल्या-पिशव्यांत आणि वाढीव ३ लिटर घडी घालता येणाऱ्या रिकाम्या पिशवीत, अशी विभागणी बऱ्याच जणांना सोयीची वाटते.

मार्गावर काही ठिकाणी स्वयंसेवक येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाण्याचे कॅन ठेवतात. ते सर्वांसाठी असल्यामुळे वापरता येतात, पण त्यांवर हिशेब बांधणे धोक्याचे असते. आधीच्या चार जणांनी कॅन रिकामा केलेला असू शकतो. यादीतला पाणवठा कोरडा निघाल्यास त्यापुढच्या पाणवठ्यापर्यंत पुरेल इतके पाणी अंगावर असणे हा तयारीचा किमान निकष मानला जातो.

उष्णता आणि शरीर

वाळवंटी हवा कोरडी असल्याने घाम लगेच उडून जातो. कपडे ओले होत नाहीत, त्यामुळे किती पाणी गेले याचा अंदाज येत नाही. शर्टावरील पांढऱ्या क्षाराच्या रेषा तेवढ्या दिसतात. केवळ साधे पाणी भरपूर पिणाऱ्याच्या रक्तातील सोडिअमचे प्रमाण घटू शकते. मळमळ, डोकेदुखी आणि गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे निर्जलीकरणासारखीच असल्याने मनुष्य आणखी पाणी पितो आणि अवस्था बिघडते. म्हणून क्षारांची पूड आणि खारे पदार्थ सामानात असावे लागतात.

उष्णतेची सवय होण्यास साधारण १० ते १४ दिवस लागतात. या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. थंड प्रदेशांतून येणाऱ्या स्पर्धकाचा एप्रिलमधील सराव बर्फाळ रस्त्यांवर झालेला असतो. तो शरीराला या कामी उपयोगी पडत नाही. दुपारी सावलीत थांबून पहाटे व रात्री चालणे हा दुसरा उपाय आहे. मात्र हिला नदीच्या आसपासच्या टेकड्यांवर सावली म्हणण्यासारखी जागा शोधूनही मिळत नाही.

केवळ उष्णतेची तयारी करून येणारेही फसतात. हिला नदीकाठची उंची ६०० मीटरच्या आत आहे, तर टूसॉनजवळच्या माउंट लेमनचे शिखर २,७९१ मीटर उंच आहे. खाली साग्वारो निवडुंग आणि वर पाइनचे जंगल असा बदल एकाच चढणीत होतो. त्यामुळे दुपारी चाळिशीकडे झुकणारे तापमान सोसलेल्या सायकलस्वाराला रात्री गोठणबिंदूच्या आसपास झोपावे लागू शकते. हलकी निद्रापिशवी आणि पिसांचे जाकीट वाळवंटाच्या यादीत अनाठायी वाटले तरी ते गाळता येत नाही.

सायकल आणि काटे

बहुतेक स्पर्धक २९ इंची चाकांची माउंटन बाइक वापरतात. सामान चौकटीत, बैठकीमागे आणि हँडलवर बांधलेल्या पिशव्यांत विभागलेले असते. खडकाळ वाटेवर लोखंडी कॅरिअर टिकत नाही. गिअर अतिशय हलके लागतात. चाकाच्या आसातील डायनॅमोवर दिवा आणि उपकरणे चालवता येतात, पण चढावरच्या मंद वेगात त्यातून पुरेशी वीज निघत नाही. त्यासाठी वेगळी विजेरी घ्यावी लागते.

टायर ट्यूबविरहित असतात आणि त्यांत लॅटेक्सयुक्त द्रव भरलेला असतो. काटा घुसला की हा द्रव छिद्रात गोठून ते बंद करतो. कोरड्या हवेत तो लवकर सुकत असल्याने प्रारंभापूर्वी नवा भरतात आणि छोटी बाटली सोबत ठेवतात. येथील सर्वांत त्रासदायक काट्यांपैकी एक महाराष्ट्रातील वाचकांस परिचित आहे: माळरानावर पायात रुतणारा सराटा किंवा गोखरू. ही जुन्या जगातील वनस्पती अमेरिकेत पसरली असून तेथे तिच्या काट्याला बोकडाच्या डोक्याची उपमा देतात. चोया निवडुंगाचे तुकडे नुसत्या स्पर्शाने सुटून अंगाला चिकटतात. ते हाताने काढू गेल्यास हातात रुततात. म्हणून सामानात एक साधा कंगवा आणि लहान पक्कड असते. कंगव्याने तुकडा उडवून उरलेले काटे पकडीने उपटतात.

ग्रँड कॅन्यन

मोठ्या पल्ल्याच्या स्पर्धकांसाठी ग्रँड कॅन्यन ही स्वतंत्र परीक्षा असते. राष्ट्रीय उद्यानाच्या नियमांनुसार दरीतील वाटांवर सायकल चालवता येत नाही आणि ढकलताही येत नाही. चाके जमिनीला लागू न देता ती पूर्ण उचलून न्यावी लागते. सुमारे २,२०० मीटर उंचीवरील दक्षिण काठावरून साउथ कायबॅब वाटेने ११ किलोमीटर उतरून कोलोरॅडो नदी ओलांडायची आणि नॉर्थ कायबॅब वाटेने सुमारे २२ किलोमीटर चढून २,५०० मीटर उंचीचा उत्तर काठ गाठायचा, असा हा पायी प्रवास आहे. दरीत मुक्कामासाठी परवाना लागत असल्याने बहुतेक जण ती एका दमात ओलांडतात.

यासाठी चाके काढून ती व चौकट पाठपिशवीवर पट्ट्यांनी आवळतात. सामानासह वजन २० किलोंच्या आसपास जाऊ शकते. बाहेर आलेले हँडल वळणावर कड्याला अडकते आणि समोरून खेचरांचा तांडा आला की अशा ओझ्यासह वाटेच्या कडेला उभे राहावे लागते. सायकल बांधण्याचा सराव घरी अनेकदा करणे आणि ती पाठीवर घेऊन जिने व टेकड्या चढणे हा तयारीचा आवश्यक भाग आहे. आठवडाभर फक्त पेडल मारलेल्या मांड्यांना दीड हजार मीटरचा उतार झेपत नाही. सायकलचे कडक तळव्याचे बूट या चालीसाठी अयोग्य असल्याने पादत्राणांची निवडही बरेचदा याच एका दिवसाकडे पाहून केली जाते.

साउथ कायबॅब वाटेवर पाणी नाही. दरीतील नळांना पाणी पुरवणारी जुनी वाहिनी वारंवार फुटते, म्हणून निघण्यापूर्वी उद्यान कार्यालयाकडे चौकशी करावी लागते. एप्रिलमध्ये उत्तर काठावर बर्फ असू शकते आणि तेथील सोयी मेच्या मध्यापर्यंत बंद असतात.

वणवे आणि मार्गबदल

२००३ च्या वणव्यात माउंट लेमनवरील समरहेवन गावाचा मोठा भाग जळाला. २०२० मध्ये सांता कॅटलिना डोंगररांग आणि २०२१ मध्ये सुपीरियरचा परिसर वणव्यांत सापडला. जुलै २०२५ मधील ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावरील ऐतिहासिक विश्रामगृह आणि जलशुद्धीकरण केंद्र नष्ट झाले आणि तेथील वाटा बंद कराव्या लागल्या. वणव्यानंतर केवळ वाट बंद होते असे नाही. झाडे पडतात, पहिल्या पावसात उतार वाहून जातात, झऱ्यांत राख उतरते आणि दोन-तीन वर्षांत काटेरी झुडपे वाटेवर माजतात. मागील वर्षीच्या स्पर्धकाचा वृत्तान्त म्हणूनच आधाराला पुरत नाही.

माघार आणि बचाव

स्वावलंबनाचा नियम जिवावर बेतलेल्या प्रसंगाला लागू नाही. उपग्रहाद्वारे जागा कळवणाऱ्या यंत्रावर संकटाची कळ असते. ती दाबल्यास स्पर्धकाची शर्यत संपते आणि शोध व बचावाचे काम त्या त्या काउंटीच्या शेरीफकडे जाते. बचावपथकाला पोहोचण्यास काही तास लागू शकतात, तोवर हाताशी असलेल्या पाण्यावरच तग धरावा लागतो. कळ दाबण्याइतकी वेळ येण्यापूर्वी कोठून बाहेर पडता येईल, हे नकाशावर आधीच नोंदवलेले असते. कोणता कच्चा रस्ता डांबरी रस्त्याला मिळतो, कोठे फोन लागतो आणि कोणत्या टप्प्यानंतर मागे फिरण्यापेक्षा पुढे जाणे जवळचे पडते, याचा त्या नोंदीत समावेश असतो. उष्माघाताचा पहिला परिणाम निर्णयशक्तीवर होत असल्याने ही नोंद घरी, शांतपणे केलेली असावी लागते. उलटी होऊ लागली किंवा ठरावीक जागी ठरावीक लिटर पाणी उरले नाही, तर सावलीत थांबायचे किंवा बाहेर पडायचे, अशी मर्यादा काही स्पर्धक कागदावर लिहून हँडलला बांधतात.

शर्यतीचा शेवट

मोठा पल्ला युटा सीमेवरील स्टेटलाइन या छोट्या तळावर संपतो. तेथे स्वागताला कोणी नसते, दुकान नाही आणि पिण्याचे पाणीही नाही. जवळची गावे, कानाब आणि पेज, अनेक किलोमीटर दूर आहेत. तेथवर नेणाऱ्या वाहनाची व्यवस्था आधीच करून ठेवावी लागते. वाहन उशिरा येईल हे धरून शेवटच्या पाणवठ्यावर एक-दोन लिटर जास्तच भरले जाते.