लहान विमानाचं अवघड गणित

मुलांनो, पंख्यांचं विमान पाहिलंय का? एटीआर ७२ हे तसलंच. दोन पंखांना दोन पंखे आणि पोटात जेमतेम सत्तर माणसं! जेटपेक्षा सावकाश जातं, पण इंधन कमी खातं आणि आखूड धावपट्टीवरही उतरतं.

अशी विमानं चालवणारी अलायन्स एअर ही सरकारी कंपनी १९९६ सालची. ‘उडान’ योजनेतलं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्याहून दिल्लीला उडालं, ते तिचंच. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. ही धाकटी बहीण मात्र सरकारकडेच राहिली. तीही तोट्यात.

तोटा का? विमानाचं भाडं, इंधन, दुरुस्ती हा खर्च विमान भरो न भरो, होतोच. तो वाटायला तिकिटं फक्त सत्तर. तीस खुर्च्या रिकाम्या गेल्या, की बसलंच गणित!

आणि वैमानिक? ‘जा की दुसऱ्या कंपनीत,’ असं आपण सहज म्हणतो. पण त्यांच्या परवान्यावर विमानाचा प्रकार नोंदलेला असतो. एटीआरवाल्याला एअरबस चालवायची तर पुन्हा अभ्यास, पुन्हा परीक्षा. खर्च लाखांत! २०२२ मध्ये कोरोनाकाळात कापलेला पगार पूर्ववत करा, म्हणून तिच्या वैमानिकांनी काम थांबवलं होतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये या कंपनीनं भारतात बनलेलं १७ आसनी डॉर्निअर दिब्रुगडहून अरुणाचलातल्या पासीघाटला नेलं. निव्वळ नफा बघणारा कुणी तिथे विमान नेईल का? घरी आईबाबांनाही विचारा.